हुनर, मालकी आणि डेट्रॉईट

दलित साहित्याच्या निमित्ताने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लेखन मराठी वाचकाच्या चांगले परिचयाचे झाले. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर निघाली, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या व्यापाराची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. हुनर आपला आणि दुकान दुसऱ्याचे, हे ज्या समाजांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्यांनी बेरी गॉर्डी या माणसाची हकीकत जरूर ऐकावी.

गॉर्डीचा जन्म १९२९ चा, डेट्रॉईटचा. आईवडील १९२२ मध्ये दक्षिणेतील जॉर्जिया सोडून या मोटारींच्या शहरात आले होते. वडिलांनी गिलाव्याची कामे घेतली, किराणा दुकान काढले आणि त्याला बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव दिले. मुलगा आधी मुष्टियोद्धा झाला, मग सैन्यातून कोरियाला जाऊन आला. १९५३ मध्ये त्याने रेकॉर्डचे दुकान थाटले. स्वतःच्या आवडीचा जाझ मांडून बसला. गिऱ्हाईक मागत होते ब्लूज. दोन वर्षांत दुकान बुडाले. त्यानंतर लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात आठवड्याला ८६ डॉलर ४० सेंटवर नोकरी. एका टोकाला नुसता सांगाडा येतो आणि दुसऱ्या टोकाने नवी कोरी मोटार बाहेर पडते, हे त्याने तिथे पाहिले आणि डोक्यात ठेवले.

तो गाणी लिहू लागला. जॅकी विल्सनने ती गायली, गाजवली. पण पैसा मधल्यामध्येच जिरे. एका रेकॉर्डपोटी तर त्याच्या हाती ३ डॉलर १९ सेंटचा चेक पडला. तेव्हा तरुण गायक स्मोकी रॉबिन्सन म्हणाला की आता कंपनी आपलीच काढू. १२ जानेवारी १९५९ रोजी घरच्या सामाईक फंडातून ८०० डॉलरचे कर्ज मिळाले. (आपल्याकडच्या भिशीचा हा लांबचा नातेवाईक. बहीण एस्थरने मात्र सहजासहजी पैसे सुटू दिले नाहीत.)

त्याच वर्षी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचे घर घेतले. मागच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ, वर बिऱ्हाड, खालच्या मजल्यावर कचेरी. बहिणी हिशेब आणि कलावंतांची व्यवस्था पाहत. छोट्या कंपनीचे पैसे वितरक पुढचे गाणे गाजेपर्यंत अडवून ठेवत, आणि वितरक बहुतेक गोरे; म्हणून विक्रीवर बार्नी एल्स हा गोरा अधिकारी नेमला. दर शुक्रवारी बैठक भरे. खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा तिथे प्रश्न असे! डिसेंबर १९६१ मध्ये मार्व्हलेट्सचे 'प्लीज मिस्टर पोस्टमन' देशात पहिल्या क्रमांकावर गेले. गाण्यांच्या हक्कांसाठी वेगळी कंपनी होती, जोबेटे. हे नाव गॉर्डीच्या तीन मुलांच्या नावांवरून. मोटाऊनचे खरे धन मला इथेच दिसते.

मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण या यशात मला डेट्रॉईटच्या सरकारी शाळा सर्वांत आधी दिसतात. जेम्स जेमरसनने मोठा बास प्रथम हाती घेतला तो नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये. संगीत-संयोजक पॉल रायझर कॅस टेक्निकल हायस्कूलचा. डायना रॉसही तिथलीच. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात शहराने मुलांच्या हाती वाद्ये दिली. ही तयार माणसे गॉर्डीला आयती मिळाली, त्यांना घडवण्याचा खर्च त्याच्या वहीत कुठेच नव्हता.

आणि त्यांचे हक्कही नव्हते. वादकांच्या ताफ्याला मेहनताना मिळे, गाण्यात वाटा नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावे आली ती १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. कलावंताची व्यवस्थापक कंपनीच, प्रकाशकही कंपनीच, मग हिशेब विचारायचा कोणाला? हॉलंड, डोझियर, हॉलंड या त्रिकुटाने तो विचारला आणि १९६८ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. ज्या अन्यायातून कंपनी जन्मली, त्याची धाकटी आवृत्ती घरातच निघाली, असे म्हणावे लागते. तरीही गोऱ्या कंपन्यांच्या हाती हे कलावंत पडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटत नाही.

जुलै १९६७ च्या दंगलीत डेट्रॉईटमध्ये ४३ माणसे मेली. पुढच्या वर्षी कचेरी त्या घरातून हलली आणि १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. वादकांना ही खबर स्टुडिओच्या दारावरच्या चिठ्ठीतून कळली. १९७३ मध्ये 'ब्लॅक एंटरप्राइज' मासिकाने कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या उद्योगांची पहिली यादी छापली, तिच्यात मोटाऊन पहिली होती. तेव्हा तिने आपले शहर सोडलेले होते.

१९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा मोठा जलसा कॅलिफोर्नियात झाला. जेमरसन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला. त्याच वर्षी तो वारला. १९८८ मध्ये गॉर्डीने मोटाऊन ६ कोटी १० लाख डॉलरला विकली, पण जोबेटे हातची सोडली नाही. १९९७ मध्ये तिचा निम्मा हिस्साच १३ कोटी २० लाखांना गेला. एस्थर मात्र डेट्रॉईटमध्येच राहिली. १९८५ मध्ये तिने त्या जुन्या घराचे संग्रहालय केले. तो गॅरेजमधला स्टुडिओ आजही तिथे पाहायला मिळतो.