गाजरगवताच्या आगमनाचा कालनिर्णय

जुळे सोलापुरांतील मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यांत बारीक पांढऱ्या फुलांचें जें रान माजतें, त्यास कोणी गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस, तर कोणी चटकचांदणी. तें आलें कोठून, असें विचारितां बहुधा एकच उत्तर मिळतें : ‘पी. एल. ४८०’ च्या अमेरिकन गव्हाबरोबर. हा प्रवाद इतका रूढ झाला आहे कीं, तो तपासून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

अमेरिकेनें हा कायदा १० जुलै १९५४ रोजीं केला. त्याअन्वयें भारताशीं पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजीं झाला. उलटपक्षीं, हें झुडूप पुण्यास १९५५ सालीं दिसलें असें वनस्पतिशास्त्रज्ञ सामान्यतः मानितात, व राव यांनीं त्याची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९५६ सालीं प्रसिद्ध केली. म्हणजे करारापूर्वींच आरोपी जागेवर हजर! तथापि अमेरिकन धान्य त्याआधींही येत होतें. जून १९५१ मध्यें अमेरिकेनें १९ कोटी डॉलरचें कर्ज देऊन धान्य पुरविलें होतें. तेव्हां प्रवादांतील नांव चुकलें असलें, तरी वाट बरोबर असूं शकेल.

याहून मोठी अडचण रॉक्सबर्ग उपस्थित करितो. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांतील झाडांची त्याची यादी १८१४ सालीं छापली गेली. तींत या वनस्पतीचें नांव आहे. यावरून कांहीं अभ्यासक हें तण येथें फार जुनें ठरवितात. आमच्या मतें ही घाई होय. यादीवरून रोप बागेंत होतें एवढेंच सिद्ध होतें. माळावर पसरलें होतें हें नव्हे.

सोलापूरकरांस हा वाद केवळ तारखेचा नाहीं. नान्नजचा माळ, जेथें १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें, तो मारवेल, पवन्या व कुसळी अशा गवतांचा प्रदेश. अति चराईनें जेथें जमीन उघडी पडते, तेथें गाजरगवत शिरतें. एका झाडास पंधरा ते पंचवीस हजार बीं येतें, व उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांत फुलें धरतात. चरतांना जनावर तें सहसा टाळतें; परंतु मुरघासासाठीं कुट्टी करून खड्ड्यांत दाबलेल्या वैरणींत निवड करणें त्यास शक्य नसतें. तें पोटांत गेलें तर दूध कडू होतें, आणि प्रमाण वाढल्यास गुरास विषबाधा होते. म्हणून कुरण कापण्यापूर्वीं, फुलें येण्याच्या आधीं, ओल्या जमिनींतून हें तण मुळासकट उपटावें लागतें. उघड्या हातांनीं उपटणाऱ्यास त्वचेचा विकार जडतो, हें निराळेंच.

१९८४ सालीं मेक्सिकोंतील एक भुंगा बंगळुरास आणून सोडण्यांत आला. पावसाच्या दिवसांत तो पानें फस्त करितो, कोरड्या दिवसांत जमिनींत दडून बसतो. तण मात्र जरा ओल मिळाली कीं कोणत्याही ऋतूंत उगवतें.