टीव्हीवर व्हिडिओ फाइल चालवणे

पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, संगणक किंवा घरच्या नेटवर्कवरील साठवणीत असलेली उच्च रेझोल्यूशनची व्हिडिओ फाइल, ऑनलाइन प्रसारणसेवेचा आधार न घेता, घरच्या टीव्हीवर दाखवण्याची क्रिया. उच्च रेझोल्यूशन म्हणजे व्यवहारात 1280×720 बिंदू आणि त्यापुढचे चित्र. 1920×1080 ला ‘फुल एचडी’ आणि 3840×2160 ला ‘फोर-के’ म्हणण्याची रूढी आहे. फोर-केच्या एका चौकटीत 82,94,400 बिंदू भरतात, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. दुकानात हाच आकडा ठळक अक्षरांत लावलेला असतो. घरी आणलेल्या टीव्हीवर एखादी फाइल चालेल की नाही, हे मात्र या आकड्यावर फार थोडे अवलंबून असते.

फाइलीची घडण : दाबून लहान न केलेले फोर-के चित्र, प्रत्येक बिंदूस 24 बिट आणि सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे 5 अब्ज बिट मागते. कोणत्याही घरगुती साठवणीला हे पेलणारे नाही. म्हणून चित्र संक्षेपित करून साठवतात आणि पाहताना टीव्हीतील चिप ते उलगडते. संक्षेपाच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. डीव्हीडीसाठी एमपेग-2 होती. 2003 मध्ये एच.264 आली आणि पुढच्या दहा वर्षांत कॅमेरे, मोबाइल, ब्ल्यू-रे अशी सर्वत्र पसरली. 2013 मधील एच.265 म्हणजेच एचईव्हीसी साधारण तितक्याच दर्जाचे चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवते. तिच्या पेटंटांचे परवाने एकाहून अधिक गटांकडे विखुरलेले राहिले आणि त्या त्रासातून परवानाशुल्क नसलेली एव्ही-1 ही पद्धत 2018 मध्ये पुढे आली.

संक्षेपित चित्र, एक किंवा अनेक भाषांतील ध्वनी आणि उपशीर्षके ज्या वेष्टनात एकत्र ठेवतात त्याला कंटेनर म्हणतात. एव्हीआय, एमपी-4, एमओव्ही, एमकेव्ही हे सगळे कंटेनर आहेत. फाइलीच्या नावाचे शेपूट कंटेनर सांगते, कोडेक सांगत नाही. डब्याच्या झाकणावरून आतली भाजी कळू नये, तसे हे आहे. ‘माझा टीव्ही एमपी-4 चालवतो’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे असते. एकाच नावाशेपटाच्या दोन फाइलींपैकी एक चालते, दुसरीवर ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ अशी पाटी येते. लग्नाचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार हल्ली अल्बमबरोबर पेनड्राइव्ह देतो. सगळे नातेवाईक दिवाणखान्यात जमल्यावर जी पंचाईत होते, तिचे मूळ बहुधा इथेच सापडते. आयफोनने 2017 पासून, आयओएस 11 बरोबर, चित्रीकरण एचईव्हीसीत साठवायला सुरुवात केली. त्याआधीचे अनेक फुल एचडी टीव्ही अशा फाइलींचा फक्त आवाज ऐकवतात किंवा काळा पडदा दाखवतात.

कोडेक जुळला तरी त्याच्या पोटातील प्रकार जुळावा लागतो. एका रंगासाठी 8 बिट वापरले आहेत की 10, हा त्यातला सर्वांत फसवा भाग. 10 बिटची एचईव्हीसी फाइल फोर-के टीव्हीची चिप सहज उलगडते, कारण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या, चित्रासाठी तिची गरजच असते. त्याच टीव्हीवर 10 बिटची एच.264 फाइल मात्र बहुधा चालत नाही, मग ती अवघी 720 ओळींची का असेना. हा प्रकार प्रसारणात किंवा ब्ल्यू-रेवर कधी रुळलाच नाही, त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जपानी अ‍ॅनिमेशनच्या हौशी संग्राहकांनी तो उचलून धरला होता आणि त्यांच्या फाइली आजही टीव्हीवर हट्टीपणा करतात. मोठे चित्र चालते आणि छोटे चालत नाही, ही तक्रार म्हणूनच अजिबात विक्षिप्त नाही.

ध्वनी : चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे झाले की लोक आधी टीव्हीचा आवाज वाढवतात, मग वायर हलवतात. दोष बहुधा ध्वनीच्या कोडेकचा असतो. डिस्कवरून घेतलेल्या फाइलींत डीटीएस ध्वनी नेहमी आढळतो. सॅमसंगने 2018 पासून आपल्या टीव्हींतून डीटीएसचा आधार काढून टाकला. एलजीने 2020 मध्ये तेच केले आणि 2023 च्या काही संचांत तो परत आणला. जुना टीव्ही जी फाइल आवाजासह ऐकवत होता ती नवा, अधिक महाग टीव्ही मुक्याने दाखवतो, हा त्याचा परिणाम.

यावर पूर्ण फाइल नव्याने बनवणे हा उपाय सांगितला जातो, तो वाया घालवलेला वेळ आहे. चित्राला हात न लावता फक्त ध्वनी डॉल्बी डिजिटल किंवा एएसीमध्ये बदलता येतो. फॅब्रिस बेलार याने 2000 मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त प्रणालीसंच हे काम काही मिनिटांत करतो आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. नुसता कंटेनर बदलायचा असेल, तर वेळ आणखी कमी लागतो. चित्राचे पुन्हा संक्षेपण करायला मात्र साध्या संगणकावर कित्येक तास जातात आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा गळतो. ते शेवटचे हत्यार मानावे.

साठवण आणि वेग : सेकंदाला 50 मेगाबिट दराने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला साडेबावीस गिगाबाइट जागा खाते. पेनड्राइव्हवर फॅट-32 ही जुनी रचना असेल तर एका फाइलीची कमाल मर्यादा 4,29,49,67,295 बाइट, म्हणजे 4 गिगाबाइटला एक बाइट कमी. ड्राइव्ह 64 गिगाबाइटचा असून त्यात 5 गिगाबाइटची फाइल जात नाही आणि संगणक ‘या रचनेसाठी फाइल फार मोठी आहे’ अशा अर्थाचा गोंधळात टाकणारा संदेश देतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस या रचनांना ही अडचण नाही. पण काही टीव्ही त्यांपैकी एकच वाचतात, त्यामुळे आधी माहितीपुस्तिका पाहणे बरे. फिरत्या तबकडीची छोटी हार्ड डिस्क टीव्हीला जोडल्यावर टक-टक आवाज करून बंद पडते, तेव्हा वीज कमी पडत असते. यूएसबी 2.0 च्या खोबणीतून प्रमाणानुसार 500 मिलीअँपियर मिळतात, 3.0 मधून 900.

वेगाची गोष्ट अधिक गमतीची. फोर-के ब्ल्यू-रे डिस्कचा कमाल दर सेकंदाला 128 मेगाबिट असतो. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 480 मेगाबिट असल्याने पेनड्राइव्हवरून अडचण सहसा येत नाही. नेटवर्कची केबल मात्र दगा देते : अगदी महागड्या टीव्हींतही कित्येकदा 100 मेगाबिटचीच खोबण बसवलेली असते. त्यामुळे जड फाइल केबलवर अडखळते आणि राउटर जवळ असेल तर 5 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर सुरळीत चालते. केबल नेहमी सरस, हा संगणकावरचा अनुभव इथे उलटा पडतो.

साधने : टीव्हीतच प्लेअर असण्याच्या आधी हे काम इतर पेट्यांनी केले. 1993 च्या व्हिडिओ सीडीवर चित्र अवघे 352×288 बिंदूंचे होते, पण भारतात ती घरोघर पोचली. पाठोपाठ आलेल्या डीव्हीडी प्लेअरांपैकी पुष्कळांना डिव्हएक्स फाइली आणि यूएसबी खोबण यांची जोड मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर हौशी प्रोग्रामरांनी 2002 च्या सुमारास बसवलेल्या प्लेअरमधून एक्सबीएमसी निर्माण झाला, 2014 मध्ये त्याचे नाव कोडी झाले. प्लेक्सचा उगमही याच मुळात आहे. वेस्टर्न डिजिटलची डब्ल्यूडी टीव्ही ही छोटी पेटी 2008 ची. तिने हार्ड डिस्क थेट टीव्हीला जोडण्याची सवय लावली. रास्पबेरी पाय (2012) या छोट्या संगणकावर कोडी बसवून हजारो लोकांनी स्वस्तात घरगुती चित्रपटगृह उभारले.

आज चार वाटा आहेत. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर सर्वांत सोपा आणि सर्वांत नखरेल. अँड्रॉइड टीव्हीवर पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला व्हीएलसी किंवा कोडी बसवला तर निम्मे नखरे संपतात. लॅपटॉप एचडीएमआयने जोडणे ही हमखास चालणारी युक्ती. फक्त फोर-के चित्र सेकंदाला 60 चौकटींनी हवे असेल, तर दोन्ही टोकांना एचडीएमआय 2.0 किंवा पुढची आवृत्ती लागते, 1.4 वर ते 30 चौकटींशी थांबते. चौथी वाट म्हणजे घरातील संगणकावर प्लेक्स किंवा जेलीफिन चालवून नेटवर्कवरून चित्र मागवणे. टीव्हीला न कळणारी फाइल हे सर्व्हर जागच्या जागी बदलून पाठवतात. सर्व्हरचा प्रोसेसर दुबळा असला तर तिथेच चित्र अडखळते आणि दोष उगाच टीव्हीच्या माथी येतो.

रंग आणि गती : एचडीआर फाइल साध्या टीव्हीवर चालवली तर चित्र राखाडी, धुतल्यासारखे दिसते, प्लेअरने प्रकाशमानाचे रूपांतर केलेले नसते, इतकेच. डॉल्बी व्हिजन या एचडीआर पद्धतीच्या एका प्रकारात, ज्याला प्रोफाइल 5 म्हणतात, असमर्थ प्लेअरवर माणसे हिरवी-जांभळी होतात. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकणारे भेटतात. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो आणि टीव्ही 60 वेळा पडदा ताजा करतो. चौकटी आळीपाळीने तीनदा आणि दोनदा दाखवाव्या लागतात, म्हणून कॅमेरा संथ फिरताना हिसके जाणवतात. प्लेअरमध्ये पडद्याचा दर फाइलीशी जुळवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. उलट, टीव्हीने मधल्या चौकटी स्वतः रचून हालचाल गुळगुळीत केली की चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. ही करामत एका झटक्यात बंद करण्यासाठी 2019 मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला.

देवनागरी उपशीर्षके : मराठी प्रेक्षकाला खास भेडसावणारी अडचण ही. एसआरटी नावाची उपशीर्षकांची फाइल म्हणजे वेळेच्या खुणा घातलेला साधा मजकूर असतो. ती व्हिडिओच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये आणि यूटीएफ-8 संकेतात साठवलेली असावी, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. हे पाळले तरी काम संपत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकतात आणि त्याच्या आधी दाखवतात. जोडाक्षरे, रफार, रकार यांनाही आकार देणारी वेगळी प्रणाली लागते. कोडी आणि व्हीएलसी यांना असा आकार देणाऱ्या हार्फबझ या प्रणालीची जोड असल्याने तेथे मराठी सहसा नीट उमटते. टीव्हीच्या अंगच्या प्लेअरमध्ये मात्र ‘स्थिती’ची वेलांटी भलतीकडे जाते, ‘क्षण’ फुटतो आणि वाचणारा दोन ओळींत कंटाळतो. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेवर उपशीर्षके चित्ररूपात असतात, त्यामुळे त्या जुन्या तंत्रात हा प्रश्नच नव्हता. खात्रीचा उपाय तोच, मजकूर चित्रातच छापून टाकणे; पण त्यासाठी सबंध चित्राचे पुन्हा संक्षेपण करावे लागते आणि ती अक्षरे नंतर काढता येत नाहीत.

कायदा : स्वतः चित्रित केलेल्या फाइलींबाबत प्रश्न येत नाही. भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 खासगी वापरासाठी न्याय्य उपयोगाला मुभा देते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65 अ मात्र, प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने डिस्कवरील तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते.