वकिलातीच्या दारी

परदेशगमनाचा इतिहास आजवर बहुधा जे गेले त्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. बंदर, जहाज अथवा विमान, परमुलखातील पहिले कष्ट आणि पुढील उत्कर्ष, हा त्या इतिहासाचा ठरलेला क्रम होय. परंतु घर सोडण्याचा निश्चय आणि प्रत्यक्ष प्रयाण यांच्यामध्ये जो काळ पडतो, त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. एके काळी हा काळ आठवड्यांनी मोजला जाई. आज कित्येक कुटुंबांत तो वर्षांनी, किंबहुना तपांनी, मोजावा लागतो. हा पालट कसा झाला हे पाहण्याचा या लेखात आमचा विचार आहे.

वाचकांनी प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारने उच्चारलेला ‘जा’ हा शब्द, आणि व्हिसा म्हणजे परक्या सरकारने उच्चारलेला ‘या’ हा शब्द. पहिल्याविषयी आपल्याकडे हक्काची भाषा बोलता येते: १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. दुसऱ्याविषयी तशी भाषा बोलता येत नाही. निघण्याचा हक्क आहे, पण शिरण्याचा नाही. आणि या दोहोंमधील अंतरातच सारी प्रतीक्षा वसते.

हा विषय आम्ही मुंबईहून न पाहता बीड जिल्ह्यातील तेलगावाहून पाहू इच्छितो. वकिलात मुंबईस असली तरी वाट पाहणे गावीच घडते. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर या रस्त्यांच्या संगमावरील हे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे. तरीही याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोच्या जोडीने एक कोयता म्हणून मोजले जावयाचे, आणि सहा महिने पालात काढावयाचे, हा त्यांचा क्रम. या प्रयाणास कोणी मुलाखत घेत नाही. ज्याला श्रम हवे आहेत तो दार उघडेच ठेवतो. दूरदेशी कायम वस्तीस जाणाऱ्याचे दार मात्र निराळे असते.

ते पूर्वी इतके निराळे नव्हते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजात चढल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. त्यांच्या मार्गात अडथळे का थोडे होते? जातीचा कोप, पैशाची चणचण, आप्तांची नाराजी, समुद्राचे भय. आपण अमेरिकेस का जातो, याचा जबाब त्यांनी श्रीरामपूर येथे भर सभेत दिला. पण तो जबाब स्वदेशीयांना द्यावा लागला. अमेरिकन सरकारचा व्हिसा त्यांना लागला नाही, कारण असा व्हिसा तेव्हा नव्हताच. अर्थात अमेरिकेचे दार सर्वांस खुले होते असेही नाही. चिनी मजुरांना ते आदल्याच वर्षी कायद्याने बंद झाले होते.

१८९२ साली न्यू यॉर्कच्या तोंडाशी एलिस बेटावर तपासणीचे ठाणे उघडले. तेथेही माणसे तिष्ठत, रोग्यांना परत धाडले जाई. तथापि त्यांची प्रतीक्षा समुद्र ओलांडल्यानंतरची असे. १९२१ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा ठरला आणि त्यापैकी एका महिन्यात किती घ्यावेत याचीही मर्यादा पडली. तेव्हा महिन्याच्या पहिल्या तारखेला मध्यरात्रीचा ठोका पडताच आधी आत शिरावे म्हणून उतारूंनी भरलेली जहाजे बंदराबाहेर दबा धरून राहू लागली. हा तमाशा मोडण्यासाठी १९२४ च्या कायद्याने तपासणीचे मुख्य स्थानच हलविले. व्हिसा निघण्यापूर्वी, आपल्या देशातील अमेरिकन कॉन्सलाकडून घ्यावा, असा नियम झाला. मुंबईस अमेरिकेचा कॉन्सल १८३८ पासून होता. त्याचे काम मुख्यतः जहाजांचे व व्यापाराचे. १९२४ नंतर कॉन्सल हा द्वारपाल झाला. बंदरावरची रांग उठली आणि ती अर्जदाराच्या ओसरीवर येऊन बसली.

हिंदी माणसाला तर त्या काळी या रांगेतही जागा नव्हती. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा फार मोठा भाग वर्ज्य ठरविला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, म्हणून त्यास नागरिकत्व नाही. थिंद यांच्या वतीने लढणाऱ्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे होते. ते स्वतः १९१४ साली अमेरिकन नागरिक झालेले. निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. एकदा दिलेल्या शब्दावर विसंबून मनुष्याने सारे आयुष्य उभारल्यावर तो शब्द मागे घेता येणार नाही, अशा आशयाची बाजू त्यांनी मांडली आणि १९२६ साली अपील न्यायालयात ते विजयी झाले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९४६ साली दार किलकिले झाले: हिंदुस्थानास वर्षाकाठी १०० जागा मिळाल्या. खरा पालट १९६५ च्या कायद्याने घडला. वंशाचा निकष गेला आणि नागरिकाच्या आप्तांना, त्यांत भावाबहिणींनाही, अग्रक्रम मिळाला. १९९० च्या कायद्याने भावंडांसाठी जगभर मिळून वर्षास ६५,००० जागा ठेवल्या. त्यांतच भावंडांचे पती-पत्नी आणि मुले मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशास साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. देश लहान असो वा मोठा, मर्यादा तीच. परिणामी २०२५ साली भारतीय भावंडांच्या रांगेत २००६ सालच्या अर्जांची पाळी चालू होती.

आता तेलगावातील एका घराची कल्पना करू. थोरला भाऊ शिकून अमेरिकेस गेला, तेथील नागरिक झाला, आणि २००६ साली त्याने धाकट्यासाठी अर्ज केला. धाकट्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. अर्ज मंजूर झाला, म्हणजे नाते खरे ठरले; पुढे उरली ती केवळ पाळी. दर महिन्याला अमेरिकन सरकार पाळीच्या तारखांचे पत्रक काढते आणि हे घर ते पाहते. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरते, कधी जागची हालत नाही, कधी मागेही जाते. जमीन विकावी की ठेवावी, विहीर खोदावी की नाही, मुलीचे लग्न ठरवावे की थांबावे, या प्रत्येक प्रश्नावर त्या तारखेची छाया पडते.

अखेर पाळी येते. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, भावाने दिलेले पोषणाचे हमीपत्र, जन्माचे पुरावे, असे सारे गोळा करावे लागते. येथे एक विलक्षण विसंगती आढळते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिली, अशी माणसे आमच्या प्रांतात गावोगाव आहेत. ज्याचा जन्मदिवस गुरुजींनी सोयीसाठी ठरविला, त्याचे भवितव्य परक्या देशाच्या पंचांगातील एका दिवसावर टांगलेले असते! मग चारशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून मुंबई गाठावयाची. पूर्वी ही वकिलात ब्रीच कँडीस वांकानेरच्या राजाच्या जुन्या प्रासादात होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. उजवा हात वर करून शपथ घ्यावयाची आणि खिडकीपलीकडील अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. एकोणीस वर्षांची वाट, आणि मुलाखत काही मिनिटांची. त्या अधिकाऱ्याने नकार दिला तर न्यायालयात दाद मागण्यास वाव फारच थोडा.

पण सर्वांत मोठा घाव मुलाखतीपूर्वीच बसलेला असतो. एकविसावे वर्ष पूर्ण होताच त्या कायद्याच्या दृष्टीने मूल ‘मूल’ राहत नाही. २००२ च्या सुधारणेने अर्ज मंजूर होण्यास लागलेला काळ वयातून वजा करता येतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. अर्ज केला त्या दिवशी चार वर्षांची असलेली मुलगी आज तेविशीची आहे. मंजुरी लवकर मिळाली असेल, तर तीच मंजुरी तिच्या मुळावर येते. आईबापांना ‘या’ आणि तिला ‘राहा’! आनंदीबाई या वयाच्या आतच समुद्र ओलांडून, डॉक्टर होऊन, स्वदेशी परतल्या होत्या.

आपल्या दारातून कोणास घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, हे आम्हांस मान्य आहे. शिवाय दाराआड राहून इतरांस तिष्ठत ठेवण्याची कला आम्हांस अपरिचित नाही. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात असताना १९१९ च्या फर्मानाप्रमाणे बाहेरून आलेल्यास ‘मुल्की’ ठरण्यासाठी पंधरा वर्षे वास्तव्य दाखवावे लागे, आणि त्यावाचून सरकारी नोकरी दुर्लभ. कारण त्या नियमालाही होतेच; स्थानिकांच्या पोटाचा तो प्रश्न होता.

तथापि नकार देणे निराळे आणि होकार देऊन आयुष्य खर्ची घालावयास लावणे निराळे. पंडितांच्या बचावातले तत्त्व येथे लागू पडते. ज्या राज्याने नाते मान्य केले आणि कुटुंबास रांगेत उभे केले, त्याच्या शब्दावर विसंबून ते कुटुंब थांबले आहे. तेव्हा मुलांचे वय अर्जाच्या दिवशीचे धरावे, हाच न्याय होय. नागरिकाच्या स्वतःच्या मुलाबाबत तोच कायदा असे वय धरतोही. यावर आक्षेप येईल की, मग तिशीतली माणसे ‘मुले’ म्हणून येऊ लागतील. येतील खरी, पण त्यांना रांगेतच थोर करणारा तोच कायदा आहे. ज्याने काळ घेतला त्याने त्या काळाचा भारही सोसावा, आणि तोवर मुंबईहून परतणाऱ्या आईबापांना लेकीस कोणते उत्तर द्यावे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करावा.