क्षयरोग्याची काळजी आणि तुमकूरची पाहणी

आमच्या लहानपणी बेळगावातल्या घरांतून ‘क्षय’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. ‘छातीचे दुखणे’ म्हणत, किंवा नुसतेच ‘ते’. आमच्या आत्याचे यजमान 1960 च्या दशकाअखेरीस काही महिने मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते. आम्हां मुलांना मात्र ते कामानिमित्त बाहेरगावी गेले आहेत, असेच सांगण्यात आले होते. बरे होऊन परतल्यावरही त्यांचे ताट आणि तांब्या-भांडे वेगळ्या फडताळात राहिले. डॉक्टरांनी निर्वाळा दिला होता, तरी ते स्वतःच आपले ताट घासून तिथे ठेवीत. त्यांना तसे कोणी सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.

या रोगाला दोषाची छाया फार जुनी आहे. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या उत्पत्तीची कथा येते. दक्षाच्या कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर चंद्राने अतिरिक्त प्रेम केले, म्हणून दक्षाच्या कोपाने त्याला क्षय जडला. कथा सुंदर आहे, पण तिच्यात रोगी हा आधी अपराधी आहे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि शास्त्रापुरता तो अपराध मिटला. औषध मात्र सहा दशके दूरच होते. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्याला काय झाले आहे हे त्यांच्याइतके स्पष्ट त्या काळी फार थोड्या रुग्णांना कळले असेल. त्या कळण्याचा उपयोग काहीच नव्हता.

औषधे आली ती 1940 च्या दशकात. प्रथम स्ट्रेप्टोमायसीन, मग पॅस, आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे जवळचे औषध दिलेल्या रोग्यांत एक विलक्षण बदल दिसला. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली, काही तर वॉर्डात नाचली. पुढे 1957 च्या सुमारास हेच औषध उदासीनतेच्या विकारावर वापरले गेले. यकृताला अपाय होतो म्हणून ते लवकरच मागे पडले, ही गोष्ट वेगळी. पण खिन्नतेवरच्या पहिल्या औषधांपैकी एक क्षयाच्या वॉर्डातून बाहेर पडले, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्या वॉर्डांत खिन्नतेला काय तोटा!

सॅनेटोरियमचा वनवास खरोखर आवश्यक होता काय, याचा निकाल मद्रासमध्ये लागला. तिथे 1956 साली स्थापन झालेल्या केंद्राने, वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली, शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, विश्रांती आणि सकस आहारासह. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरी, अपुऱ्या अन्नावर. औषधे दोघांनाही तीच. वर्षभराने दोन्ही गटांच्या निकालांत फारसे अंतर नव्हते, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही आढळले नाही. हा अहवाल 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या आत्याच्या घरचे फडताळ त्यानंतरही पुष्कळ वर्षे वेगळेच होते.

आता ज्या पाहणीसाठी हा लेखनप्रपंच, तिच्याकडे वळतो. सरकारी नोकरीत असताना ‘जनतेचे अज्ञान व उदासीनता’ हे शब्द आम्ही किती टिपणांत लिहिले, याची गणती नाही. रोगी येत नाहीत, कारण त्यांना कळत नाही, हे गृहीतच होते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी हेच गृहीत तपासले. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात, तपासणीत क्षय आढळलेल्या खेडुतांशी त्यांनी बोलणे केले आणि 1963 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याला काही तरी झाले आहे याची जाणीव यांतील बहुतेक सर्वांना होती. पुष्कळांना त्याची काळजी लागली होती. आणि सुमारे निम्मे रोगी तर सरकारी दवाखान्यापर्यंत जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली आणि ते घरी परतले. थुंकीची तपासणी झाली नाही.

‘काळजी’ हा शब्द त्या शास्त्रीय निबंधात मोजमापाचा विषय झाला, याचे आम्हांस अप्रूप वाटते. रोग्याचे मन हा आकडेवारीचा भाग होऊ शकतो, हे कोणाला सुचले होते? 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम सर्वसाधारण दवाखान्यांशी जोडला गेला तो याच विचाराने: रोगी आपण होऊन येतोच, तो येतो तिथेच त्याला ओळखा. कागदावर हे उत्तम होते. दवाखान्यांना मनुष्यबळ आणि औषधे मात्र तितक्या निष्ठेने पुरवली गेली नाहीत. देखरेखीखाली औषध देण्याचा सुधारित कार्यक्रम 1997 मध्ये सुरू झाला आणि 2006 पर्यंत देशभर पोहोचला. पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये खात्यात जमा होऊ लागले.

1990 च्या सुमारास आमच्या हाताखालच्या एका कारकुनाने दोन महिन्यांची रजा मागितली होती. कारण लिहिले होते ‘घरगुती अडचण’. ‘कारण सबळ नाही’ असा शेरा मारून आम्ही अर्ज परत पाठवला. क्षयासाठी लांब रजेची सोय नियमांत होती. त्याने ती मागितली नाही. तो खोकत कामावर येत राहिला, आणि आम्हांस खरे कळले ते तो कचेरीत चक्कर येऊन पडल्यावर. पुढे तो बरा झाला. निवृत्तीनंतर एकदा बाजारात भेटला, तेव्हा आम्ही विचारले, “त्या वेळी खरे कारण का लिहिले नाहीत?”

तो हसला. म्हणाला, “साहेब, तुमच्या टेबलावर येण्याआधी अर्ज चार टेबलांवरून यायचा.”