रतीब आणि विजेची गाडी

घरपोच किराण्याने पर्यावरणावरील भार हलका होतो की वाढतो, हा प्रश्न आज नवा मानला जातो. वस्तुतः ब्रिटनमधील दुधाच्या रतिबात त्याचे बरेचसे उत्तर सापडते. १९७५ च्या सुमारास तेथे घरगुती वापराचे नव्वद टक्क्यांहून अधिक दूध दारात पोहोचत असे. २०१६ च्या सुमारास हे प्रमाण तीन टक्क्यांवर आले. रिकामी बाटली गवळी परत नेई, आणि ती धुऊन पुन्हा भरली जाई. गाडी बहुधा विजेची असे. जगातील इतर सर्व देशांत मिळून नाहीत इतकी विद्युत्-वाहने एकट्या ब्रिटनच्या रस्त्यांवर आहेत, असा तेथील विद्युत्-वाहन संघटनेचा १९६७ मधील दावा होता; त्यांत दुधाच्या गाड्यांचाच भरणा मोठा.

तथापि ही गाडी पर्यावरणाच्या काळजीतून आली नव्हती. पहाटे आवाज नको, आणि दर चार घरांनंतर थांबायचे असल्याने पेट्रोलचे इंजिन परवडत नसे, एवढेच तिचे कारण. शिवाय तिला लागणारी वीज त्या काळी मुख्यतः कोळशाचीच होती. (ब्रिटनमधील अखेरचे कोळशाचे वीजकेंद्र बंद पडले ते सप्टेंबर २०२४ मध्ये.) तेव्हा या व्यवस्थेचे श्रेय केवळ गाडीला देणे योग्य नव्हे. खरा गुण रतिबाचा होता : ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि लागून असलेली घरे. दुसऱ्या महायुद्धात इंधन व मनुष्यबळ वाचविण्यासाठी सरकारने एका रस्त्यावर साधारणतः दोनच विक्रेते ठेवले, एक खाजगी व एक सहकारी. त्यामुळे फेऱ्यांतील घरे अधिकच दाट झाली.

रतिबाच्या ऱ्हासाचे खापर १९९४ मध्ये दूधविक्री मंडळाची व्यवस्था मोडली गेली त्यावर फोडण्याचा मोह होतो. परंतु ऱ्हास त्यापूर्वीच सुरू झाला होता. शीतकपाट, मोटार आणि मोठी दुकाने यांमुळे एकेक घर गळत गेले. गाडीचा रस्ता तेवढाच राहिला, बाटल्या मात्र घटल्या. दर बाटलीमागचा खर्च वाढला, आणि त्या वाढीने आणखी घरे गळाली. अर्थात दुकानातून दुधाबरोबर इतर मालही येई. मोटारीचा सारा धूर दुधाच्याच खाती मांडणे न्याय्य होणार नाही.

सिअ‍ॅटल परिसरातील घरपोच किराण्याचा वॉशिंग्टन विद्यापीठातील एरिका वायगोनिक व अ‍ॅन गुडचाइल्ड यांनी केलेला अभ्यास येथे उपयुक्त आहे. जवळजवळची घरे एका फेरीत घेतल्यास, प्रत्येकाने स्वतःच्या मोटारीने दुकानात जाण्याच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड ८० ते ९० टक्क्यांनी घटतो, असे त्यांना आढळले. घरे विखुरलेली असल्यास ही बचत १७ टक्क्यांपर्यंतही उतरते. ग्राहकाने आपल्या सोयीची वेळ निवडली की घरे विखुरतात. रतिबात ती निवड गवळ्याची होती.