वारा कुठनं आहे?

२ जून २०२०, संध्याकाळ

आज निर्जला एकादशी. तुम्ही रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला, एका जुन्या कौलारू घराच्या ओटीवर बसला आहात. एरवी या दिवसांत तुम्ही मुंबईत असता. करोनाच्या टाळेबंदीत ई-पास काढून गावी आलात, गावच्या शाळेत विलगीकरणाचे दिवस काढलेत आणि मग कुठे घराचा उंबरा ओलांडलात. घरात आजी, आई-बाबा, काका-काकू आणि नववीतली चुलत बहीण. एवढी माणसं या घरात एरवी फक्त गणपतीत जमतात.

आगोटीची बेगमी झाली आहे. कौलं परतून झालीत, लाकूडफाटा पडवीत रचलाय, आंब्याची साठं डब्यात गेलीत. पश्चिमेच्या पडवीला काकांनी झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधलाय. परसदाराबाहेर पाऊल टाकलं की वाडी सुरू होते: माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीवेल, मधूनमधून केळी आणि जायफळ. वाडी एवढी दाट आहे की तिच्यापलीकडचा समुद्र नुसता ऐकू येतो, दिसत नाही.

आत टीव्ही चालू आहे. पंधरवड्यापूर्वीच अम्फान वादळानं बंगाल झोडपला, ती दृश्यं अजून डोळ्यांपुढून गेलेली नाहीत. आता नकाशावर अरबी समुद्र दाखवतात. ३१ मे रोजी कमी दाबाचं क्षेत्र, काल त्याचा तीव्र होत गेलेला पट्टा, आज दुपारी चक्रीवादळ. बांगलादेशानं सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालंय. उद्या दुपारी ते अलिबागजवळ किनारा गाठणार. रस्त्यावरून रिक्षा फिरते आहे, तिच्यावरच्या भोंग्यातून एकच सूचना: कच्च्या घरातल्यांनी शाळेत चला, समुद्रावर कुणी जाऊ नका.

काका सुपारी कातरत म्हणतात, ‘‘फयानलाही असंच सांगितलं होतं. चार कौलं गेली नि दोन माड पडले. एवढंच.’’

तुम्हाला बरं वाटतं. फयान हे नोव्हेंबर २००९ मधलं वादळ. घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं, सोसलेलं, आणि म्हणून मोजमाप झालेलं. आजी मात्र विचारते, ‘‘फयान पावसाळा सरल्यावर आलं होतं. हे पावसाच्या तोंडावर येतंय. सारखंच कसं असेल?’’

या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नाही. जूनमध्ये वादळ थेट या किनाऱ्यावर चढून आल्याची आठवण कुणालाच नाही. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक गुजरातकडे नाहीतर ओमानकडे जातात, असंच सगळे ऐकत आलेत.

३ जून, सकाळ

पहाटेपासून पाऊस. सकाळच्या बातमीत ‘तीव्र चक्रीवादळ’ असा शब्द येतो, आणि थोड्या वेळानं दिवे जातात. मोबाइलचे दोन दांडे अजून आहेत. मुंबईहून आत्या फोनवर विचारते, ‘‘सगळे एकत्र आहात ना?’’ तुम्ही हो म्हणता आणि त्या ‘हो’मध्येच रेंज जाते. ती आता कधी परतणार, हे तुम्हाला ठाऊक नाही.

घराचा ताबा आजीनं घेतला आहे. ती आरडाओरडा करत नाही, एकेक काम सांगत जाते. मेन स्विच बंद. सिलिंडर बंद. रहाटानं पाणी काढून कळशा, घागरी, घंगाळ सगळं भरून ठेवा. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात. देव्हाऱ्यातले देव ताम्हनासकट माजघरात. गोठ्यातल्या गाईचं दावं सोडा, बांधलेलं जनावर अंगावर छप्पर आलं तर जागेवर मरतं.

दावं सोडायला तुम्ही जाता. गाय हलत नाही. कान मागे टाकून ती डोंगराच्या दिशेला बघते आहे. वारा तिकडून येतोय, आग्नेयेकडून, जमिनीवरून. वादळ समुद्रात असताना वारा डोंगराकडून कसा, हे तुम्हाला उमगत नाही. परत येऊन सांगता तेव्हा चुलत बहीण समजावते. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. ते नैर्ऋत्येकडून येतंय आणि आपण त्याच्या पुढ्यात आहोत, म्हणून त्याचा वारा आपल्याला मागून लागतोय. अम्फानच्या बातम्या तिनं वहीत आकृत्या काढून ऐकल्या होत्या.

आजी तिच्याकडे नीट बघते. ‘‘मग पुढे तो फिरेल?’’

‘‘फिरणार. समुद्राकडून येईल.’’

दुपार

बाराच्या सुमारास सगळे माजघरात येता. घराच्या मधली ही खोली. चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या, जांभ्याच्या जाड भिंती आणि वर माळ्याच्या फळ्या. बाळंतिणीची खाट इथंच पडायची, धान्याच्या कणग्या इथंच असायच्या. घराला जे जपायचं असतं ते माजघरात ठेवतात. आज तुम्हाला ठेवलंय.

बाहेरचा आवाज हळूहळू शब्दांच्या पलीकडे जातो. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा सलग वारा, मध्ये त्याहून मोठे झोत. दाराच्या फटीतून ओटीवरचं छप्पर दिसतं आणि तुमची नजर एका कौलावर खिळते. आधी ते जागच्या जागी थरथरतं. मग त्याची खालची कड बोटभर उचलली जाते, पडते, पुन्हा उचलली जाते. वारा छपरावरून वेगानं धावतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि घरातली हवा कौलाला खालून ढकलते. तिसऱ्या-चौथ्या झोताला ते कौल उभं राहतं आणि नाहीसं होतं. त्याच्या जागी करड्या आभाळाचा चौकोन. मग शेजारचं कौल. मग रांगच.

कुठूनतरी पत्रा उडाल्याचा आवाज येतो. शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी कौलं काढून पत्रे घातले होते. कौलांचं छप्पर सुटं सुटं जातं, वाटेत हवेला मोकळं करतं आणि वासे पुष्कळदा वाचतात. पत्रा मात्र अख्खा उचलला जातो आणि रीपही घेऊन जातो.

वाडीतून वेगळेच आवाज येतात. माड मुळासकट उपटतो तेव्हा जमीन हादरते. पोफळ मुळातून जात नाही. ती वाकते, वाकते आणि मध्यावर कडकन मोडते. काका पहिल्या काही आवाजांना मान वर करतात. नंतर ते जमिनीकडे बघत राहतात. त्यांच्या हातावर बाबांनी हात ठेवलाय. या दोन भावांचं गेली काही वर्षं वाडीच्या वाटणीवरून फारसं बोलणं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आजी थोड्या थोड्या वेळानं एकच विचारते, ‘‘वारा कुठनं आहे?’’

प्रत्येक वेळी तुमच्यापैकी एक जण दारापाशी जाऊन सांगतो. अजून डोंगराकडून. अजून डोंगराकडून.

आणि मग वारा पडतो. पाऊस बारीक होतो. इतका वेळ ओरडून बोलत होतात, आता स्वतःचाच आवाज मोठा वाटतो. काका उठतात, कोयता घेतात. ‘‘गेलं. वाडी बघून येतो.’’

‘‘नाही, थांबा!’’ चुलत बहीण दाराला पाठ लावून उभी राहते. ‘‘तो मधला भाग आहे. डोळा. अजून अर्धं यायचंय.’’

नववीतल्या मुलीनं काकांना दारात अडवावं, असं या घरात कधी झालेलं नाही. सगळे आजीकडे बघतात. आजी म्हणते, ‘‘ती सांगते ते ऐक. आणि सगळे पश्चिमेच्या भिंतीपासून उठा. पूर्वेच्या कोपऱ्यात बसा. आता तो समुद्राकडून येणार ना?’’

हा क्षण नीट बघून ठेवा. वादळ कसं वागतं हे धाकटीला माहीत आहे, घर कसं वागेल हे थोरलीला. दोघींनी एकमेकींचं ऐकलं, म्हणून पुढच्या तासाभरात तुम्ही कुणीच पश्चिमेच्या भिंतीखाली नसता. काका कोयता खाली ठेवतात.

तो खरोखरच समुद्राकडून येतो. यावेळी त्याच्यात वाळू आहे आणि तोंडात खारट चव येते. काकांनी बांधलेले झाप पहिल्याच झोतात जातात. पश्चिमेच्या पडवीचे वासे करकरतात, मग पडवी एका बाजूला बसते आणि तुम्ही मघाशी टेकून बसला होता त्या भिंतीचा वरचा थर आत कोसळतो. आई चुलत बहिणीचं डोकं कुशीत दाबून धरते. आजी रामरक्षा म्हणते आहे, मध्ये थांबून डोकी मोजते, पुन्हा पुढची ओळ धरते.

संध्याकाळ

दार उघडायला तिघांचा जोर लागतो. बाहेर माड आडवा पडलाय.

परसदारी येता आणि समुद्र दिसतो. या घरातून समुद्र दिसतो हे आजीलाही माहीत नव्हतं, ती लग्न होऊन आली तेव्हापासून मध्ये वाडी होती. आता नजर अडवायला काही उरलेलं नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातही मोठमोठी भगदाडं पडलीत. पडलेल्या झाडांकडे पाहिलं तर वादळाची सगळी हकीकत वाचता येते: खालचा थर समुद्राकडे डोकं करून, वरचा थर डोंगराकडे.

गाय विहिरीजवळ उभी आहे. काकू तिच्या गळ्यात पडून रडते. इतका वेळ कुणी रडलं नव्हतं.

पुढचे दिवस

५ जूनला वटपौर्णिमा. गावातल्या बायका उन्मळून पडलेल्या वडाभोवती, त्याच्या मुळांवरून वाट काढत सूत गुंडाळतात. मुख्यमंत्री अलिबागला येऊन रायगडसाठी १०० कोटींच्या तातडीच्या मदतीची घोषणा करतात. तुम्हाला ते नंतर कळतं, कारण इथे ना वीज आहे ना फोन. रस्ता गावानंच मोकळा केलाय, कोयत्या-करवतींनी. आत्याला आवाज ऐकवायला तुम्ही रेंज शोधत कितीतरी लांब जाता. ‘‘सगळे आहोत’’ एवढंच सांगता येतं, मग दोन्हीकडे हुंदके.

विजेचे खांब उभे राहायला कितीतरी गावांत आठवडे जातात. वर पावसाळा सुरू झालेला, छपरावर ताडपत्री, बाजारात कौलं नाहीत आणि पत्रे मिळत नाहीत. तरीही हे सगळं भरून येणारं आहे. वाडीचं तसं नाही. रोप लावल्यापासून पोफळीला धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि कोवळ्या पोफळीला डोक्यावर सावली लागते. ती सावली देणारे माडच गेले. उभ्या राहिलेल्या पोफळींचीही धडगत नाही, कारण सावली गेल्यावर दुपारचं ऊन थेट खोडावर येतं आणि खोड भाजून चिरतं. वादळ एका दुपारी आलं, पण झाडं त्यानंतरही मरत राहिली. पुढे फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये भरपाई ठरली. दिवेआगरची वाडी गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला सुमारे ५०० रुपये होतात. तीन पिढ्यांच्या शिंपणाचा हिशेब त्यात बसत नाही, आणि हे सांगताना काकांचा आवाज आजही चढतो. चढायलाच हवा.

बाबांनी मुंबईला परतायच्या आधी भावाबरोबर नवी रोपं लावली. वाटणीचा विषय निघाला नाही.

आज

तुम्हाला तिथं न्यायचं कारण आता सांगतो. त्या घराला सर्वांत मोठा धोका वाऱ्याचा नव्हता, फयानच्या आठवणीचा होता. लहान वादळ सोसलेला माणूस पुढच्या प्रत्येक वादळाला त्याच मापानं मोजतो. ओडिशानं १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ती चूक सुधारली. गावोगावी निवारे बांधले, माणसांना वेळेत हलवायची सवय लावली, आणि त्यानंतरच्या वादळांत तिथं हजारो जीव वाचले. कोकणाला ती सवय नव्हती, कारण कोकणाला तशी गरज पडली नव्हती. आता अरबी समुद्र तापतो आहे आणि तीव्र वादळांचं प्रमाण वाढतं आहे. निसर्गनंतर वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं. त्या वेळी दिवेआगरच्या त्या घरात कुणीही ‘फयानला एवढंच झालं होतं’ असं म्हणालं नाही. भोंग्याची वाट न बघता सगळे कामाला लागले.

म्हणून वादळ सोसलेल्या प्रत्येक घराला कळकळीनं सांगतो, मुलांना ही गोष्ट नुसती भीतीची करून सांगू नका, तपशिलानं सांगा. वारा आधी कुठून आला, किती वाजता पडला, फिरून कुठून आला. कोणती भिंत गेली, कोणती राहिली. गाईचं दावं का सोडलं. कौलं कशी गेली नि पत्रे कसे गेले. शांत झाल्यावर बाहेर का जायचं नाही. आणि मूल काही नवं शिकून आलं असेल तर मोठ्यांनी ते ऐकून घ्यायचं, हेही सांगा. निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्या सरकारकडे मागायच्याच, हक्कानं मागायच्या. पण पुढच्या वादळात पहिले काही तास घरात फक्त घरातलीच माणसं असणार आहेत, आणि त्यांना काय माहीत आहे यावर सगळं ठरणार आहे.