मोबाईल, डीजे, ट्रॅक्टर : कानाला आठवड्याला किती आवाज चालतो?

मोठ्या आवाजानं कान जातात, हे गावात कुणालाही विचारलं तरी सांगेल. पण किती मोठा आवाज आणि तो किती वेळ, हे विचारलं की सगळे गप्प. याचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिला आहे : मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास. लहान मुलांना ७५ डेसिबल, तेही ४० तास. हा आठवड्याचा कोटा समजायचा. आवाज वाढवला की कोटा लवकर संपतो.

किती लवकर, ते नीट पाहण्यासारखं आहे. डेसिबलचं माप किलो-लिटरसारखं सरळ चालत नाही. आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. ८० ला ४० तास, तर ८३ ला २० तास. ८६ ला १०, ८९ ला ५ तास. ९२ ला अडीच तास आणि ९५ ला सव्वा तास. १०१ डेसिबलवर आठवड्याचा सगळा कोटा जेमतेम १९ मिनिटांत संपतो. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर आवाज १०० च्या वर सहज जातो. म्हणजे गाडी चौकातून पुढे सरकेपर्यंतच पुढे नाचणाऱ्या पोरांचा आठवडा संपलेला असतो.

हा आकडा आला कुठून?

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित ऐकण्यासाठी मोहीम सुरू केली. कान-नाक-घसा तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, ध्वनी अभियंते, मोबाईल-हेडफोन बनवणारे असे वेगवेगळे लोक त्यात बसवले. या कामाची धुरा डॉ. शेली चढ्ढा यांच्याकडे. त्या भारतीय, मूळच्या कान-नाक-घशाच्या सर्जन. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेसोबत तयार केलेला मोबाईल आणि इयरफोनसाठीचा निकष २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला. त्यामागचं गणित नवं नाही. कारखान्यात गोंगाटात काम करणाऱ्या कामगारांचे कान किती वर्षांत आणि कसे जातात, याचा अभ्यास अनेक दशकं झालेला होता. तोच आधार धरून ऐकणाऱ्यांचा कोटा ठरवला.

२०२२ च्या मार्चमध्ये गाण्याच्या कार्यक्रमांसाठी वेगळा निकष आला. प्रेक्षक उभे असतात तिथे १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, इअरप्लग उपलब्ध असावेत, आणि कान टेकवायला एक शांत जागा असावी. हे सगळे निकष ऐच्छिक आहेत. कुणी पाळले नाहीत म्हणून दंड होत नाही. तरी त्यांचा परिणाम हातातल्या फोनवर दिसतो. आयफोनमध्ये सात दिवसांचा हिशोब ठेवून इशारा येतो. अँड्रॉइड १४ पासून पुढच्या अनेक फोनमध्येही आवाजाचा ‘डोस’ मोजायची सोय आली आहे. तो इशारा आला की बहुतेक जण ‘ओके’ दाबून मोकळे होतात, हा भाग वेगळा.

कानात नेमकं काय होतं?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५ हजार बारीक केसपेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. वाऱ्यानं ज्वारीचं पीक आडवं व्हावं तशा त्या मोठ्या आवाजानं झोपतात. थोडं असेल तर रात्रीतून पुन्हा उभ्या राहतात. मिरवणुकीनंतर कान बंद झाल्यासारखे वाटतात आणि सकाळी ठीक होतात, ते यामुळे. पण वारंवार मार बसला तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. यावर आज औषध नाही, ऑपरेशननं त्या परत येत नाहीत.

आवाजानं आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. त्यामुळे बिघाड झाल्याचं माणसाला कळतच नाही. स, श, फ, थ ही अक्षरं निसटायला लागतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ‘मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता’ अशी घरातली भांडणं इथून सुरू होतात. दुसरी खूण म्हणजे कानात सतत ‘कुंईं’ किंवा रातकिड्यासारखा आवाज.

गावाकडचे आवाज

निकष मोबाईलसाठी केला असला, तरी कानाला आवाज कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, यंत्रमाग हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. मोजायचं यंत्र नसेल तर साधी खूण आहे : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज साधारण ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे. मोबाईलमधली मोफत ॲप अंदाज देतात, पण फार मोठ्या आवाजात फोनचा माईकच गोंधळतो, त्यामुळे त्यांचा आकडा पुराव्यासारखा धरू नये.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे ट्रॅक्टर चालवताना इयरफोन घालून गाणी ऐकणं. इयरफोन इंजिनचा आवाज फारसा अडवत नाही. गाणं ऐकू यायला ते इंजिनच्या वर न्यावं लागतं, म्हणजे आधीच्या गोंगाटावर आणखी भर. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर मोठमोठे टेप लावून रात्रभर जाणाऱ्या ड्रायव्हरांचंही तेच, शिवाय मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही तो धोका वेगळा. टेपऐवजी कानावर इअरमफ चढवला तर काम होईल.

कानात कापूस घालणं हा सगळीकडचा उपाय, पण त्यानं आवाज थोडासाच कमी होतो. फोमचे इअरप्लग बरे. तेही नीट घातले तरच : बोटांनी पिळून बारीक वात करायची, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही. ढोल-ताशा पथकातली पोरं आणि डीजेवाले ऑपरेटर यांनी तर तो घालायलाच हवा. एका मिरवणुकीत त्यांचे तास नाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतात.

(पश्चिम महाराष्ट्रात सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात ते त्या नावाच्या कंपनीचं नसतं. ती कंपनी ध्वनी तंत्रज्ञानातली, मिरवणुकीच्या भिंती ती बनवत नाही.)

कायदा काय म्हणतो?

देशात ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर करता येते.

पण एक फरक लक्षात घ्यावा लागतो. हा कायदा मुख्यतः शेजारच्या घरात झोपलेल्या आजारी म्हाताऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्या पोरीला वाचवतो. आवाज जागेच्या हद्दीवर मोजायचा असतो. भिंतीसमोर उभ्या राहिलेल्याच्या कानाचा विचार जागतिक निकषात आहे. रात्री १० ला आवाज बंद केला म्हणजे संध्याकाळी सहापासून नाचणाऱ्याचा कान वाचला, असं होत नाही.

तपासणी कुठे?

जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे जावं. तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी होते. ग्रामीण रुग्णालयातून तिकडे चिठ्ठी मिळते. घरबसल्या अंदाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे मोफत ॲप आहे, त्यात गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दोन्ही कानांची, तीही बोलण्याच्या पट्टीतली, किमान ६० डेसिबलची घट लागते. आवाजानं बिघडलेले बरेच कान त्यात बसत नाहीत, म्हणून प्रमाणपत्राची वाट पाहत तपासणी लांबवू नये.

एका कानानं अचानक ऐकू यायचं बंद झालं, तर तेल-बिल घालून घरी बसू नये. त्याचे उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर उपयोग जास्त, आणि दोन आठवडे उलटले की फार कमी.